सही चित्रावर ठेवायची की चित्रात घ्यायची?

ताई, तुमचा प्रश्न आणि सोबतचे तिन्ही फोटो दोनदा सावकाश पाहिले. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही वयाच्या ४६व्या वर्षी चित्रं काढायला लागलात आणि २ वर्षांत १८ चित्रं पूर्ण केलीत. हल्लीच्या तीन चित्रांवर तीन तऱ्हांच्या सह्या आहेत. ताम्हिणी घाटातल्या पावसाच्या जलरंगात नाव गवताच्या पात्यांत लपवलंय. आजोळच्या वाड्याच्या अॅक्रिलिकमध्ये दिंडीदरवाजाशेजारच्या पाटीवर तुमचं नाव आहे. तांब्याचा बंब, घंगाळ आणि तपेल्याच्या तैलचित्रात उजव्या कोपऱ्यात लाल रंगाने, इंग्रजीत, पूर्ण नाव आहे. यापुढे नावाऐवजी एका छोट्या चिमणीची खूण वापरावी असंही मनात आहे. क्लासचे सर म्हणतात, सही कायम एकच आणि एकाच जागी हवी. तुम्हाला मात्र दर चित्रात काहीतरी नवं करून बघायची हौस आहे.

आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय की मी हौशी, मी सही करणं तरी शोभतं का, तेच कळत नाही. त्याचं उत्तर सविस्तर द्यायचंय, म्हणून ते मागे ठेवते. आधी सहीचं पाहू.

मी सांगलीत गेली २४ वर्षं हौशी चित्रकारांना शिकवते आणि जोडीला चित्रांना माउंट-फ्रेम करून देते. माझे वडील पाट्या रंगवायचे. लहानपणी मी त्यांची शिडी धरायचे आणि अक्षर कसं बसवायचं ते तिथेच शिकले. त्यामुळे सहीकडे मी दोन बाजूंनी बघते. चित्र काढणाऱ्याच्या बाजूने सही हा चित्रातला एक आकार असतो. फ्रेम करणाऱ्याच्या बाजूने ती पुरावा असते : हे कोणी काढलं, कधी काढलं. ही दोन कामं वेगळी आहेत आणि पुष्कळदा एकमेकांच्या आड येतात. आकार म्हणून सही चित्रागणिक बदलली तर काही बिघडत नाही, पुराव्याने मात्र बदलून चालत नाही. तुमचे सर पुराव्याच्या बाजूने बोलताहेत आणि तुम्ही आकाराच्या. दोघांचंही बरोबर आहे. म्हणून माझा रिवाज असा, की चित्राच्या दर्शनी बाजूवर मोकळीक घ्यायची आणि पाठीवर शिस्त ठेवायची. दर्शनी बाजूवरही एखादी गोष्ट मात्र कधीच बदलायची नाही. ती कोणती, ते तुमच्या चित्रांवरूनच दाखवते.

यात काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. चित्रं घरात लावणार, भेट देणार, प्रदर्शनात मांडणार की विकणार, यावर सही किती ठळक हवी ते ठरतं. काही प्रदर्शनांच्या निवड-फेरीत नाव दिसलेलं चालत नाही, तेव्हा नियम वाचून मगच समोर सही करावी. कागद, कॅनव्हास, रंगाचा प्रकार यावर साधन ठरतं. मी पुढे जे सांगते आहे ते घरी काढलेल्या, अधूनमधून भेट दिलेल्या आणि क्वचित विकलेल्या चित्रांना धरून आहे, कारण तुमचं काम सध्या तिथे आहे.

ताम्हिणीचं चित्र आधी घेऊ. गवताच्या पात्यांतून नाव उगवलंय ही कल्पना मला फार आवडली. फोटो मोठा करून शोधत बसले आणि सापडल्यावर आनंद झाला. पण मी ते चुकीचं वाचलं. तुमच्या नावात 'ध' आहे. पात्यांसारखं दिसावं म्हणून तुम्ही शिरोरेघ काढून टाकलीत. रेघ गेली की 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक जवळजवळ पुसला जातो, कारण तो फरक मुख्यतः रेघ कुठे तुटते यावर उभा आहे. वडील म्हणायचे, देवनागरीत अक्षर रेघेला टांगलेलं असतं, रेघ गेली की ते पडतं. मोडीत तर आधी पानभर रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत. तेव्हा ही रेघ अडचण समजू नका, तिचा उपयोग करा. घाटाच्या कठड्याची कड, पाण्याची पातळी, टेबलाची धार, दाराची चौकट, क्षितिज, चित्रात आडव्या रेघा ढीगभर असतात. त्यातल्या एकीलाच शिरोरेघ करून तिच्याखाली बारीक अक्षरं सोडली, तर नाव चित्रात मिसळतं आणि वाचताही येतं. रोमन लिपीला ही सोय नाही. तुमच्या चित्रात रस्त्याच्या कडेला दगडी कठडा आहे. पुढच्या वेळी असा कठडा आला की करून बघा.

याच चित्रात जागेबद्दल एक गोष्ट तुमच्याकडून आपसूक बरोबर झाली आहे. सही तुम्ही डावीकडे घेतलीत. रस्ता वळून उजव्या कोपऱ्यातून बाहेर जातो आणि नजरही त्याच्याबरोबर जाते. उजवीकडे सही असती तर त्या वाटेवर दगड ठेवल्यासारखं झालं असतं. सही खाली उजवीकडेच हवी हा केवळ सवयीचा नियम आहे. चित्रातली वजनदार बाजू कोणती आणि नजर कुठून बाहेर पडते ते बघायचं आणि तिला न अडवणारी शांत जागा शोधायची.

जागा शोधायची माझी एक पद्धत आहे, वर्गात सगळ्यांना करायला लावते. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्यायचा, त्यावर मार्करने दोन-तीन आकारांत सही करायची आणि तो तुकडा चित्रावर सरकवत राहायचं. सहा फुटांवरून बघायचं, आरशात बघायचं, चित्र उलटं करूनही बघायचं. जिथे सही आधी दिसते आणि चित्र मागाहून, ती जागा बाद. पंधरा मिनिटं जातात, पण कित्येक महिने खपून केलेलं चित्र शेवटच्या दोन मिनिटांत बिघडत नाही.

आता तैलचित्र. या एकाच सहीबद्दल मी ठाम नापसंती कळवते आहे, कारण बाकीचं चित्र फारच चांगलं झालंय. बंबाच्या पोटावर खिडकीचा उजेड जसा पडलाय तो बघत राहावा असा आहे. तुमच्या चित्रातला सगळ्यात तापलेला रंग तांब्याचा, आणि बाकी सगळं त्याला उठाव द्यायला मागे सरलेलं. अशा वेळी कोपऱ्यातला शुद्ध लाल त्याच्याशी भांडतो. लाल सही वाईट असते असं मुळीच नाही. व्हॅन गॉगने १८८८मध्ये सेंत-मारीच्या किनाऱ्यावरच्या समुद्राच्या चित्रात भडक लाल रंगात सही केली आहे. हिरव्या रंगांमध्ये एक लाल स्वर हवा होता म्हणून तसं केलं, हे त्याने पत्रात लिहून ठेवलंय. त्याच्या हिरव्या-निळ्या लाटांना लालाची भूक होती. तुमच्या चित्रात ती भूक बंबानेच भागवली आहे. इथे भिंतीचाच राखाडी-मातकट रंग एक पायरी गडद करून सही केली असती तर पुरे होतं. माझा साधा नियम असा, की सहीचा रंग चित्रात आधीपासून असलेला हवा आणि तो आजूबाजूच्या रंगापासून एक-दोन पायऱ्यांवरच हवा. नळीतून निघालेला कोरा काळा किंवा पांढरा शक्यतो नको.

त्याच वर्षीच्या, सूर्यफुलांच्या प्रसिद्ध चित्रांपैकी लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या चित्रात व्हॅन गॉगने 'विन्सेंट' हे आपलं पहिलं नाव फुलदाणीवरच लिहिलंय. कुंभाराने भांड्यावर नाव घालावं तसं. आपल्याकडे तर तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालायची जुनी रीत आहे. लग्नात दिलेल्या तपेल्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख टिंबाटिंबांनी कोरलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तुमच्या घंगाळाच्या काठाखाली असं टिंबांचं नाव चित्रात आलं असतं, तर मी उठून टाळ्या वाजवल्या असत्या. पुढच्या भांड्यांच्या चित्रासाठी हे मनात ठेवा. फ्लेमिश चित्रकार क्लारा पीटर्स हिने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेल्या चीज आणि बदामांच्या एका चित्रात स्वतःचं नाव सुरीवर घातलंय, आणि मागच्या सुरईच्या झाकणात तिचा इवलासा चेहराही दिसतो. ते हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. वस्तूवर जिथे खरोखर अक्षर असू शकतं, तिथेच तिने ते घातलं, म्हणून ते लपवल्यासारखं वाटत नाही.

नाव पूर्ण लिहावं की अर्धं, मराठीत की इंग्रजीत, हा ज्याच्या त्याच्या मनाचा भाग आहे. विन्सेंट व्हॅन गॉगने आडनाव सोडलं, कारण परक्या लोकांना ते उच्चारता येत नसे. पिकासोने वडिलांचं रुईझ हळूहळू गाळलं आणि आईचं आडनाव ठेवलं. आपल्याकडे धुरंधरांची सही बहुधा इंग्रजीत दिसते. दलाल आणि मुळगावकर यांच्या देवनागरी सह्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे घरोघरी ओळखीच्या झाल्या होत्या. हुसेन देवनागरी, उर्दू, इंग्रजी सगळ्या लिप्यांत सही करत. माझं मत विचाराल तर तुम्ही देवनागरीत करा. तुमच्या चित्रांतली भांडी, वाडा, घाट या लिपीत बोलतात. इंग्रजी सही तुम्ही चेकबुकावर करता तशीच चित्रावर आली आहे, तिचा चित्राशी काही संबंध जुळलेला नाही. आणि एक सावधगिरी, जी वर्गात मी नेहमी सांगते : बँकेतली सही चित्रावर कधीही करू नये. चित्राचा फोटो कुठेही फिरतो.

आता वाड्याच्या चित्राकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते याच्याबद्दल. दिंडीशेजारची पाटी बघून सुरुवातीला मला वाटलं की हे नाव वाड्याच्या मालकाचं असणार. तुम्ही खाली खुलासा केलात म्हणून कळलं. चित्रातल्या भिंतीवर नाव लिहायची रीत मात्र थोर आहे. फ्लेमिश चित्रकार यान व्हान आयकने १४३४मध्ये आर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्रात, मागच्या भिंतीवर, आरशाच्या वर, लॅटिनमध्ये 'यान व्हान आयक इथे होता' असं वळणदार अक्षरात लिहून खाली साल घातलं. जहांगीराच्या दरबारातल्या बिचित्रने एका चित्रात आपलं नाव बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर लिहिलंय. बादशहा आसनावर बसलाय, समोर सुफी शेख उभे आहेत, आणि चित्रकाराचं नाव तिथे, जिथे पाय ठेवायचे. एवढ्याशा अक्षरांत किती अदब आहे. व्हान आयक सांगतो मी इथे होतो, बिचित्र सांगतो माझी जागा इथे आहे. दोघांच्याही बाबतीत जागेमुळे नावाला अर्थ आलाय.

तर मग वाड्याच्या दारावरच्या पाटीला काय अर्थ आहे? तिथे ज्याचं नाव असतं त्याचं ते घर. फोटोत पाटीवर पूर्वी आजोबांचं नाव होतं, असं तुम्हीच लिहिलंय. ते काढून तुम्ही आपलं घातलंत. तुमच्या मनात माया आहे हे मला कळतं, पण बघणाऱ्याला मालकी दिसते. मी असते तर आजोबांचं नाव पाटीवर जसंच्या तसं ठेवलं असतं, आणि पाटीच्या अगदी खाली, उजव्या टोकाला, चार-पाच मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत आपलं. माझे वडील पाटी पूर्ण झाली की हेच करायचे. वर दुकानाचं नाव हातभर अक्षरात आणि खाली कोपऱ्यात पेंटरचं नाव बोटभर. गावोगावच्या जुन्या पाट्यांवर, ट्रकच्या मागच्या फळ्यांवर अजूनही ते दिसतं. ज्याने रंगवलं त्याचं नाव कुठे असतं, हे आपल्याकडे सगळ्यांना न सांगता कळतं.

अभंगातली नाममुद्रा आठवा. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे' हे शेवटच्या चरणात येतं, पण अभंग संपल्यावर खाली वेगळं लिहिलेलं नसतं. ते छंदात बसवलेलं असतं, काढलं तर चरण लंगडा होतो. आणि एकनाथ महाराजांची मुद्रा 'एका जनार्दनी'. स्वतःच्या नावाला लागून गुरूंचं नाव, दोन्ही मिळून एकच सही. आजोबांची पाटी आणि तिच्या कोपऱ्यात नातीचं नाव ही त्याच जातीची गोष्ट होईल. अॅक्रिलिक आहे, वर वॉर्निश दिलेलं नाही असं तुम्ही सांगितलंय, तेव्हा हा बदल अर्ध्या तासाचा आहे. पाटीचा मूळ रंग कालवून दोन पातळ हात द्या, वाळू द्या आणि पुन्हा लिहा.

नाममुद्रेवरूनच दर्शनी सहीतली न बदलणारी गोष्ट सांगते. तुकोबांच्या अभंगांचा विषय आणि भाव बदलतो, 'तुका म्हणे' मात्र तेच राहतं. सहीची जागा, रंग, आकार, ती कशावर लिहायची हे सगळं दर चित्रात बदला. नाव तेच ठेवा आणि नावातल्या एका अक्षराचं वळण तेच ठेवा. तुमच्या तिन्ही सह्यांत नाव तीन प्रकारचं आहे : एकदा नुसतं पहिलं, एकदा आडनावासह, एकदा इंग्रजीत. त्यातलं एक ठरवा आणि शंभरदा लिहून ते हातात बसवा. 'ध'ची गाठ तुम्ही गवतात फार सुंदर घातली आहे, तिलाच कायमचं वळण करा. पुढे कोणीही तुमची दहा चित्रं शेजारी ठेवली तर त्या गाठीवरून हात ओळखू येईल.

चिमणीबद्दल. अमेरिकन चित्रकार व्हिस्लरची खूण फुलपाखरू होती, पण ती त्याच्या नावाच्या आद्याक्षरांतूनच उमलली होती आणि ती चित्रात कुठे बसवायची याचा तो फार विचार करी. खूण नावातून आली की ती टिकते. तुमच्या नावात चिमणी कुठे नाही, आणि चिमणी पुष्कळांची असते. नुसत्या खुणेचा धोका मोठा आहे. हार्लेममध्ये १६०९ साली जन्मलेली डच चित्रकार यूडिथ लेस्टर आद्याक्षरांना एक चांदणी जोडून सही करायची, कारण तिच्या आडनावाचा अर्थ वाट दाखवणारा तारा. किती देखणी कल्पना. पण तिच्यामागे ती खूण ओळखणारं कोणी उरलं नाही. तिची चित्रं तिच्याच काळातल्या फ्रान्स हाल्स या चित्रकाराच्या नावावर गेली. १८९३मध्ये एका डच अभ्यासकाने ती चांदणी ओळखली तेव्हा तिचं नाव तिला परत मिळालं. दोनशेहून अधिक वर्षं गेली त्यात. म्हणून चिमणी हवीच असेल तर जरूर काढा, पण नावाच्या सोबत.

साधनांबद्दल भराभर सांगते, कारण इथे चुका सगळ्यांच्याच होतात. माझीही झाली. फार पूर्वी एका जलरंगावर मी जेल पेनने सही केली होती. चित्र पश्चिमेच्या उन्हाच्या खोलीत लागलं. सहा वर्षांनी फ्रेम बदलायला आलं तेव्हा रंग जसेच्या तसे होते आणि सही उडून गेली होती. बॉलपेन, साधा मार्कर यांची शाई बहुधा रंगद्रव्याची नसते, काही जेल पेनांचीही नसते, आणि अशी शाई उजेडात उडते. जलरंगावर पेन्सिल सगळ्यात भरवशाची, शिसं उडत नाही. नाहीतर त्याच चित्रातला रंग बारीक कुंचल्याने. तैलरंगावर आणि अॅक्रिलिकवर लांब केसांचा बारीक कुंचला (रिगर), शून्य किंवा एक नंबरचा, आणि रंग दुधाइतका पातळ. हात थरथरत असेल तर पाट्या रंगवणारे करतात तसं करा : एका हातात काठी धरून ती चित्राच्या कडेला टेकवा आणि लिहिणारा हात तिच्यावर टेकवा. ओल्या तैलरंगात कुंचल्याच्या दांड्याच्या टोकाने ओरखडून केलेली सही मला सगळ्यात आवडते. ती रंगातच असते आणि तिथे वेगळा रंग लागतच नाही. तैलरंगाच्या थरावर अॅक्रिलिकने सही करू नका, ती पुढे सुटते. आणि सही वॉर्निशच्या आधी करायची. वॉर्निशवर केलेली सही चित्र स्वच्छ करताना वॉर्निशबरोबर निघून जाते.

कडेपासून अंतर ठेवा. फ्रेमची खाच साधारण ६ मिलिमीटर चित्र खाते, माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी ५ मिलिमीटर. तुमच्या जलरंगात सही कडेला इतकी लागून आहे की फ्रेम करणाऱ्याला एकतर ती झाकावी लागेल किंवा कागदाची कड दाखवावी लागेल. दीड-दोन सेंटिमीटर आत या.

लाल सहीचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलंय. रंग वाळला आहे, तेव्हा टर्पेंटाइनने पुसायला जाऊ नका, खालचा रंगही उचलला जाईल. भिंतीचा रंग कालवून सही झाका, पूर्ण वाळू द्या आणि मग नव्याने करा. शेवटचं वॉर्निश चित्र पूर्ण झाल्यापासून सहा महिने ते वर्षभराने. जुन्या चित्रांवर आता सही करणार असाल तर साल चित्र काढलं तेव्हाचं घाला, आणि पाठीमागे 'सही नंतर केली' अशी नोंद करा. जुनी चित्रं तपासणारे भिंगातून बघतात की सहीचा रंग खालच्या तड्यांत उतरलाय का. उतरला असेल तर सही मागाहूनची, हे त्यांना लगेच कळतं. प्रामाणिक नोंद असली की त्यात संशयाला जागा राहत नाही. दुसऱ्याच्या चित्रावरून किंवा फोटोवरून काढलं असेल तर तसंही लिहा, कोणावरून ते नावानिशी. मूळ चित्रकाराची सही मात्र कधीही उतरवू नये, सरावासाठीही नको.

पाठीवर काय लिहायचं? पूर्ण नाव, चित्राचं नाव, साल आणि महिना, गाव, माध्यम, कागद किंवा कॅनव्हास कोणता, वॉर्निश दिलं असेल तर कोणतं आणि कधी. कॅनव्हासच्या पाठीवर बॉलपेन दाबून लिहू नका, पुढच्या बाजूला ओरखडे उमटतात आणि पुढे तिथे रंगाला तडे जातात. लाकडी पट्टीवर लिहा. कागदावर मऊ पेन्सिलने, कडेजवळ, हलक्या हाताने. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत समोर अक्षरही नको वाटतं. त्यांच्या कितीतरी चित्रांची सही आणि साल पाठीवर देवनागरीत आणि इंग्रजीत आहे. समोरची शांतता राखून पुरावा कसा सांभाळावा, हे त्यांच्याकडून शिकावं.

कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा, की भारतात चित्राचा कॉपीराइट चित्र काढताच तुमचा होतो, सहीची अट नाही. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. पण वाद झाला तर चित्रावर ज्याचं नाव तोच कर्ता, असं १९५७चा कॉपीराइट कायदा सुरुवातीला धरून चालतो. विरुद्ध पुरावा समोरच्याने द्यायचा. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असंही होत नाही, त्याला वेगळं लेखी हस्तांतर लागतं.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य. हौशी माणसाने सही करावी का.

माझ्या वर्गात एक निवृत्त गृहस्थ यायचे. नऊ वर्षं आले. नदीचे घाट, हळदीच्या पेवांजवळची झाडं, बाजारातल्या म्हाताऱ्या बाया, फार मन लावून काढायचे. सही कधीच केली नाही. मी किती वेळा म्हटलं, ते हात जोडायचे, म्हणायचे, मी कुठे चित्रकार. ते गेल्यावर त्यांच्या दोन्ही मुली एक मोठी फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. आत साठेक कागद. त्यांतली काही त्यांची, काही वर्गातल्या इतरांनी भेट दिलेली, काही मी दाखवायला काढलेली प्रात्यक्षिकं. मुलींनी विचारलं, बाबांची कोणती? साधारण ३५ मी हात ओळखून वेगळी करू शकले. उरलेल्यांपैकी काहींबद्दल मला आजही खात्री नाही. त्यातलं एक घाटाचं चित्र धाकटीला फार हवं होतं. ते त्यांचं असेल असं मला वाटतं, पण मी शपथेवर सांगू शकले नाही. तिने तरी ते नेलं.

नाव चित्रापासून सुटतं ते फक्त अज्ञात माणसांचंच असं नाही. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हाताआड दिव्याची ज्योत धरलेल्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र आहे. ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, १९४०च्या दशकातलं, आणि दिवा धरून उभी आहे ती त्यांची मुलगी. आजही कितीतरी लोक ते रविवर्म्यांचं समजून पाहून येतात, आणि रविवर्मा तर १९०६ सालीच गेले. एवढ्या नावाजलेल्या चित्रकाराच्या बाबतीत हे होतं. तुमच्या-माझ्या चित्रांना तर नाव सांगणारं पाठीशी कोणीच नसतं, ते आपणच लिहून ठेवायचं असतं.

सही म्हणजे मोठेपणाचा दावा, असं तुम्हाला वाटतंय. मी ती वेगळी शिकले. शिवकालीन पत्रांत मजकूर संपला की शेवटी मोर्तब व्हायचं, 'मर्यादेयं विराजते' अशी छोटी मुद्रा. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही वाढवू नये, एवढाच तिचा अर्थ. चित्रावरची सही मला तशी वाटते. माझ्याकडून इतकं झालं, आता मी कुंचला ठेवते. हौशी माणसाला तर तिची जास्त गरज असते, कारण चित्र कधी थांबवावं हेच आपल्याला कळत नसतं. तुमच्या घाटाच्या चित्रात उजवीकडचं आभाळ दोन वेळा जास्त धुतलं गेलंय. सही आधी झाली असती तर ते वाचलं असतं.

एक संध्याकाळ मोकळी काढा. अठराही चित्रं जमिनीवर उलटी मांडा, मऊ पेन्सिल घ्या आणि आधी पाठी भरून टाका. समोरच्या सह्यांचं त्यानंतर, एकेक करून, सावकाश. पाटीवर आजोबांचं नाव परत आलं की त्या चित्राचा फोटो मला नक्की दाखवा.